जेलकोट ढवळल्यावर पातळ का होतो, आणि होडीच्या उभ्या बाजूवर तो टिकवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात बेतूलला चोवीस फुटी फायबरची होडी. मासेमारीबंदीच्या दिवसांत तिच्या बाजू घासून बाहेरून नवा पांढरा जेलकोट (फायबरवरचा सर्वांत बाहेरचा, रेझिनचा रंगीत थर; रेझिन म्हणजे हार्डनर घातला की कडक होणारा राळेसारखा द्रव) लावायचा होता. पाच किलोचा डबा उघडला तर आत श्रीखंड. ब्रशने ओढला जाणार नाही असं वाटून रेझिन पातळ करणारं स्टायरिन अर्धा लिटर ओतलं, ड्रिलला पातं लावून दहा मिनिटं घुसळलं, आणि मालाचं ताक झालं. हार्डनर घालून लावला. सकाळी पाहिलं तर वरच्या कडेला जुना थर दिसतोय, खाली कीलजवळ (होडीच्या तळाच्या कण्याजवळ) बोटभर रुंद ओघळ साचलेत आणि सगळा पृष्ठभाग हाताला चिकट लागतोय. विचारणा तीन गोष्टींची आहे: दुकानदाराने शिळा माल दिला का? पुढच्या डब्यात एरोसिल पावडर घालावी का? आणि 'जेलकोट ढवळायचाच नसतो' असं कुणी सांगितलंय, ते खरं का?

तुम्ही जे वर्णन केलंय त्यात दोन वेगळ्या भानगडी एकमेकींत गुंतल्यात. ओघळ ही एक, चिकटपणा ही दुसरी, आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. चिकटपणाचं शेवटाकडे बोलू. आधी ओघळ, कारण तुमचा मूळ गैरसमज तिथे आहे: डब्यात घट्ट दिसला म्हणून तुम्ही तो पातळ केलात. जेलकोट डब्यात घट्ट दिसायलाच हवा. ढवळला की पातळ व्हायलाच हवा. आणि ढवळणं थांबलं की थोड्या वेळात पुन्हा घट्ट व्हायला हवा. ढवळल्याने आलेला पातळपणा उसना असतो, तेवढ्या वेळात माल पसरून घ्यायचा. स्टायरिन ओतून आणलेला पातळपणा मात्र उतरत नाही. तुम्ही एकावर एक दोन्ही केलंत.

निवलेली पेज आठवा. वर साय धरते, डाव उभा राहील इतकी घट्ट होते, आणि दोनदा डाव फिरवला की सैल होते. कुणी ती घट्ट आहे म्हणून न ढवळताच तांब्याभर पाणी ओतत नाही. दही मात्र वेगळं. तेही घुसळलं की पातळ होतं, पण ताकाचं पुन्हा दही होत नाही. जेलकोट पेजेच्या जातीचा असावा लागतो, दह्याच्या नव्हे. मोडलेली घडी त्याला परत बसवता आली पाहिजे. कॉर्नफ्लॉवर पाण्यात दाट कालवलं तर नेमका उलटा प्रकार दिसतो, जोरात ढवळलं की ते दगडासारखं अडतं. तेव्हा 'ढवळलं की पातळ' हा काही सगळ्या घट्ट पदार्थांचा नियम नाही. ते मुद्दाम घडवून आणलेलं असतं.

या गुणाला थिक्सोट्रॉपी म्हणतात. १९२३ साली बर्लिनमध्ये हर्बर्ट फ्रॉइंडलिश यांच्या प्रयोगशाळेत शालेक आणि सेगवारी यांनी लोहाच्या ऑक्साइडची एक जेल हलवली की द्रव होते आणि ठेवून दिली की पुन्हा घट्ट होते, हे नोंदवलं. थिक्सोट्रॉपी हा शब्द १९२७ साली पेटर्फी यांनी वापरला. ग्रीकमधला स्पर्श आणि पालट, दोन्ही त्या शब्दात आहेत. इथे एक बारीक भेद लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येईल. काही द्रव जोर लावला तेवढ्यापुरते पातळ होतात आणि जोर काढला की त्याच क्षणी पूर्ववत होतात. थिक्सोट्रॉपिक द्रवाला दोन्ही बाजूंना वेळ लागतो, मोडायलाही आणि जुळायलाही. जुळायला लागणारा हा वेळच तुमच्या ओघळाचा निकाल लावतो.

जेलकोटमध्ये हे काम फ्यूम्ड सिलिका करते. तुम्ही जिला एरोसिल म्हणता तीच. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हायड्रोजनच्या ज्वाळेत जाळून ती बनते. मूळ कण साधारण १२ नॅनोमीटरचे. नेहमी मिळणाऱ्या प्रतीच्या एका ग्रॅममधल्या कणांचा एकूण पृष्ठभाग २०० चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे जवळजवळ अडीच बॅडमिंटन कोर्टं. या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी हलके धरून ठेवतात आणि रेझिनभर एक विसविशीत जाळं तयार होतं. रेझिनच्या वजनाच्या एक ते तीन टक्के पावडर त्याला पुरते. ब्रशचा झटका बसला की जाळं तुटतं, ब्रश पुढे गेला की तुकडे पुन्हा हात धरू लागतात. बंध दुबळे आहेत म्हणूनच हे पुन्हापुन्हा जमतं.

आता उभ्या बाजूवर किती जोर लागतो ते पाहू. जेलकोटचा अर्धा मिलिमीटर ओला थर, घनता पाण्याच्या सव्वापट धरा. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं तो ताण जेमतेम ६ पास्कल येतो. ८० जीएसएमचे सात-आठ कागद टेबलावर ठेवले तर जेवढा दाब पडतो तेवढाच. म्हणजे माल उभा धरून ठेवायला फार मोठी ताकद लागत नाही. ६ पास्कल झेलणारं जाळं असलं की झालं. पण थर एक मिलिमीटर केलात की ताण दुप्पट होतो, आणि जाळ्याने हार मानली तर वाहण्याचा वेग दुप्पट नव्हे, चौपट होतो. जाड एक हात मारण्यापेक्षा पातळ दोन बरे, असं जुने कारागीर सांगतात त्यामागे हा हिशोब आहे.

जाळं नसलेलं साधं पातळ रेझिन त्याच अर्ध्या मिलिमीटरच्या थरात लावलं तर वरचा पदर सुरुवातीला सेकंदाला जवळपास ३ मिलिमीटर घसरतो. मिनिटात जवळजवळ वीतभर. जेलकोट पकडायला, म्हणजे हार्डनरने घट्ट होऊ लागायला, पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर तो कीलपर्यंत पोचून थेंब पडू लागलेला असतो. उलट जाळं जुळलेला माल याच ताणाखाली मिनिटाला दीड-दोन मिलिमीटर सरकेल, नाहीतर जागचा हलणारही नाही. ब्रशखाली मात्र गोष्ट निराळी. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत ब्रश सेकंदाला अर्धा मीटर फिरतो, तेव्हा मालावरची कातर (थर एकमेकांवरून सरकण्याचा वेग) गुरुत्वाच्या ओढीने होणाऱ्या हालचालीच्या हजारो पट असते. म्हणून एकच माल ब्रशखाली तेलासारखा आणि भिंतीवर लोण्यासारखा वागू शकतो. दोन्ही टोकं खरी आहेत. डब्यात पाहून अंदाज बांधला तर तुम्ही फक्त एकच टोक पाहता.

यात शर्यत दोन वेळांची असते. जाळं पुन्हा जुळण्याचा वेळ आणि हार्डनरने माल पकडण्याचा वेळ. पहिला एक-दोन मिनिटांत आला पाहिजे. तो आला तर दुसऱ्याला वीस मिनिटं लागली तरी बिघडत नाही.

तुमच्या डब्यात काय झालं? अर्धा लिटर स्टायरिन म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, पाच किलोला नऊ टक्के. त्याने रेझिनचा मूळ घट्टपणा तर उतरलाच, शिवाय सिलिकाही विरळ झाली. जाळं विरळ झालं की त्याची पकड टक्केवारीच्या मानाने उतरत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने ढासळते. नऊ टक्के पातळ केलं म्हणजे नऊ टक्के कमी घट्ट, असा हिशोब इथे चालत नाही. त्यावर ड्रिलने दहा मिनिटं जोरात घुसळून उरलेलं जाळंही पार मोडलंत आणि लगेच लावायला घेतलंत. घुसळण्याने माल तापला असेल, तापला की आणखी पातळ. जास्त घुसळलेला जेलकोट रात्रभर ठेवला तर बराचसा सावरतो, पण पूर्ण पूर्वीसारखा होतोच असं नाही. हवेचे बारीक बुडबुडे आत अडकतात ते वेगळंच.

तेव्हा दुकानदारावर इतक्यात आळ घेऊ नका. ढवळल्यावर माल गुळगुळीत पातळ झाला, ही तो जिवंत असल्याची खूण आहे. शिळ्या जेलकोटची लक्षणं निराळी: ढवळूनही न विरघळणाऱ्या रबरी गाठी, काठीवरून तार धरून लोंबणारा माल, डब्याच्या कडेला जेलीसारखा पट्टा. अशा मालात रेझिन आपणहून पकडू लागलेलं असतं आणि कितीही ढवळलं तरी ते माघारी येत नाही. पॉलिएस्टर मालाची (जेलकोटचं रेझिन बहुधा याच जातीचं) मुदत बहुधा २५ अंशांखाली तीन ते सहा महिने अशी दिलेली असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये पडलेल्या डब्याला ती मुदत लागू होत नाही हे उघड आहे. डब्यावरची तारीख बघाच, पण माल कुठे ठेवला होता हेही विचारा.

'ढवळायचाच नसतो' हे अर्धसत्य. न ढवळता वरवरचा माल घेतलात तर रंगद्रव्य तळाशी राहतं, वर स्टायरिन जास्त येतं, आणि एकाच होडीवर पांढऱ्याच्या दोन छटा दिसतात. ढवळायचा, पण संथ. चपट्या लाकडी पट्टीने आधी तळ आणि कोपरे खरवडून घ्यायचे. मग हाताने, किंवा मिनिटाला ३००-४०० फेऱ्यांच्या वर न जाणाऱ्या ड्रिलवर रुंद पातं लावून, पाच ते दहा मिनिटं. मधोमध भोवरा पडून हवा ओढली जाऊ लागली की वेग जास्त झाला असं समजा. दिवसातून एकदा पूर्ण डबा असा एकजीव केला की पुरे. नंतर लागेल तेवढाच माल बाजूला काढायचा. दर वेळी अख्खा डबा घुसळत बसायचं नाही.

पुढचा डबा उघडाल तेव्हा होडीवर हात चालवण्याआधी एक चाचणी करा. ब्रुकफील्ड व्हिस्कोमीटरवर कमी फेऱ्यांचं आणि दहापट फेऱ्यांचं वाचन घेऊन त्यांचं गुणोत्तर काढतात, त्याला थिक्सोट्रॉपिक निर्देशांक म्हणतात. मालाच्या कागदावर तो कधीकधी छापलेला असतो. पण होडीच्या कामाला प्लास्टिकचं जुनं कार्ड चालतं. त्याच्या एका लांब कडेला कानशीने चार खाचा पाडा, प्रत्येकी सेंटीमीटरभर रुंद, मध्ये तीन-तीन मिलिमीटर जागा सोडून. पहिली पाव मिलिमीटर खोल, दुसरी अर्धा, तिसरी पाऊण, चौथी एक. खोली मोजायला स्पार्क प्लगचा फीलर गेज सोपा पडतो. आता हार्डनर न घातलेला, नुकताच संथ ढवळलेला माल काचेच्या किंवा मेलामाइनच्या तुकड्यावर घ्या आणि कार्ड कडेकडेने ओढा. चार समांतर पट्टे उमटतील. तुकडा लगेच उभा करा, पट्टे आडवे येतील असा, सर्वांत पातळ पट्टा वर ठेवून. पंधरा मिनिटं हात लावू नका.

मग पाहा. कोणता पट्टा घसरून खालच्याला जाऊन भिडला? पाऊण मिलिमीटरचा जागेवर राहिला असेल तर अर्ध्या मिलिमीटरचा थर तुम्ही निर्धास्त लावू शकता. अर्ध्याचाच पट्टा घसरला तर माल उभ्या बाजूच्या कामाचा नाही, निदान त्या क्षणी तरी. तोच माल तासभर, मग रात्रभर झाकून ठेवा आणि अगदी हलक्या हाताने दोन वेळा पट्टी फिरवून पुन्हा ओढा. रात्रीनंतर पट्टे टिकले तर दोष फक्त घुसळण्याचा होता. नाही टिकले तर जाळंच कमी आहे. आणि एक मिलिमीटरचा पट्टा ब्रशच्या रेघांसकट ताठ उभा राहिला, कडा जराही गोलावल्या नाहीत, तर माल गरजेपेक्षा घट्ट आहे. तो सपाट बसणार नाही, ब्रशचे ओरखडे तसेच वाळतील. तिथे दोन टक्के, फार तर तीन टक्के स्टायरिन समजू शकतं. पाच किलोला शंभर ते दीडशे ग्रॅम, तेही वजनाने, थोडं थोडं, प्रत्येक वेळी पट्टे ओढून. अ‍ॅसिटोन किंवा रंगाचा थिनर कधीच नाही. स्टायरिन निदान रेझिनबरोबर जुळून घट्ट होतं. अ‍ॅसिटोन थरात अडकून राहतो आणि मागे मऊ, सच्छिद्र जेलकोट सोडतो.

एरोसिल घालावी का? विकत आणलेल्या धडक्या जेलकोटमध्ये नाही, त्यात ती असतेच. तुमच्या उरलेल्या पातळ मालात घालता येईल, पण पद्धत हवी. मूठभर पावडर टाकून काठीने ढवळली तर गाठी होतात. बाहेरून ओल्या, आतून कोरड्या. जाळं तयारच होत नाही, म्हणून माणूस आणखी पावडर घालतो, आणि शेवटी खरखरीत पुट्टी हातात येते. पावडर मोडून पसरवायला वेग लागतो. दातेरी चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला ८ ते १० मीटर हवा. ७५ मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला २५०० फेऱ्यांनी फिरली की तो मिळतो, आणि साधं ड्रिल तेवढं फिरतं.

सगळ्या मालाला हा मार द्यायची गरज नसते. समजा पातळ झालेला चार किलो माल उरलाय आणि त्यात एक टक्का पावडर वाढवायची आहे, म्हणजे ४० ग्रॅम. आधी एक किलो माल वेगळा घ्या आणि चाळीसही ग्रॅम त्या एकाच किलोत जिरवा. ४० ग्रॅम ऐकायला चिमूटभर वाटतात. ही पावडर इतकी हलकी असते की त्यांनी पाऊण लिटरहून मोठं भांडं भरतं. चकतीच्या अडीच-तीनपट रुंद बादली घ्या, चकती तळापासून तिच्या व्यासाइतकी वर ठेवा. संथ फिरवत पावडर थोडी थोडी ओली होऊ द्या, सगळी बुडाली की मग वेग वाढवा. सात-आठ मिनिटांत वंगणासारखा गुळगुळीत लगदा होतो. दोन बोटांत चोळून पाहा, कणी लागत असेल तर अजून काम बाकी आहे. बादली हाताला चांगली गरम लागली तर थांबा, निवू द्या. मग हा लगदा बाकी तीन किलोत संथपणे मिसळा आणि रात्रभर झाकून ठेवून सकाळी पट्टे ओढा. लगेच निकाल काढू नका. नुकतीच घुसळलेली पावडर आपला घट्टपणा दाखवायला वेळ घेते.

दोन सूचना इथेच. स्टायरिनची वाफ सुमारे ३१ अंशांपासून पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या हवेतच, आणि साध्या ड्रिलच्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतात. हे काम बंद खोलीत नको, चारी बाजूंनी वारा खेळेल अशा जागी करा आणि ड्रिलचं धड बादलीच्या तोंडापासून दूर राहील असा लांब दांडा लावा. दुसरं, ही सिलिका स्फटिकी नसते, तरी इतकी बारीक धूळ नाकाघशात जाऊ द्यायची नाही. मास्क लावा, पंख्याखाली पिशवी उघडू नका. पावसाळ्यात उघडी पिशवी हवेतली ओल पिते आणि गठ्ठे धरते, त्यामुळे काम झालं की घट्ट बांधून डब्यात ठेवा.

असा सावरलेला माल मी बाहेरच्या बाजूला लावायला सांगणार नाही. ओघळ थांबतील, पण त्यातलं नऊ टक्के जादा स्टायरिन कुठे जात नाही. तो थर जास्त आकसतो, उन्हात लवकर खडूसारखा भुरभुरतो, बारीक चिरा धरतो. होडीच्या आतल्या कप्प्यांना, बाकाच्या खालच्या बाजूला वापरून संपवा. बाहेरून नवा डबा.

हार्डनरचं प्रमाण मालाच्या कागदावर दिलेलं तेच पाळा. एमईकेपी, म्हणजे जेलकोटचा नेहमीचा हार्डनर, बहुधा दीड ते दोन टक्क्यांच्या आसपास असतं. एक किलोला दीड टक्का म्हणजे १५ ग्रॅम, मोजपात्रात सुमारे १४ मिलिलिटर. बुचाने मोजायची सवय सोडा. ओघळ थांबवायला हार्डनर वाढवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. माल पाच मिनिटं आधी पकडेल, पण ओघळ पहिल्या दोन मिनिटांतच सुटलेला असतो, आणि जादा हार्डनरने थर ठिसूळ आणि पिवळसर होतो. एक टक्क्याच्या खाली गेलात तर उलट तो नीट पकडतच नाही. हार्डनर घातल्यावर काठीने दीड-दोन मिनिटं, कडा खरवडत, संथ. इथे ड्रिल लावलंत तर लावण्याच्या नेमक्या क्षणी जाळं मोडून ठेवाल. एका वेळी अर्धा-पाऊण किलोपेक्षा जास्त भिजवू नका. आणि कोबाल्ट (हार्डनरच्या कामाला वेग देणारं द्रावण) वेगळं घालावं लागणारा माल असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकत्र आले तर भडका उडतो. डोळ्यावर चष्मा हवाच. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर ताबडतोब भरपूर पाण्याने पंधरा मिनिटांहून जास्त वेळ धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

ब्रश मऊ, रुंद घ्या. स्पंजचा रोलर स्टायरिनमध्ये विरघळतो, तो नको. माल भरपूर उचला, लावा, दोन-तीन हात एका दिशेला फिरवा आणि सोडा. आपल्याकडे भिंत रंगवताना परतपरत ब्रश फिरवून 'फिनिशिंग' करायची खोड असते, इथे तीच घात करते. प्रत्येक फिरवणं म्हणजे नुकतं जुळू लागलेलं जाळं पुन्हा तोडणं. एखादी जागा राहिलीच तर ती दुसऱ्या हातात येईल. ओला थर ०.४ ते ०.६ मिलिमीटर मिळाला पाहिजे. ओल्या थराची दातेरी पट्टी मिळते, तिचे दात टेकवून लागलीच कळतं. एकूण थर ०.३ च्या खाली राहिला तर तो नीट पकडत नाही, मिलिमीटरच्या वर तडे जातात. उभ्या बाजूला पाव-पाव मिलिमीटरचे दोन हात मारा. पहिला बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेला पोचला की दुसरा.

हवामानाचं मात्र ठाम उत्तर देता येत नाही, ते तुमची होडी कुठे उभी आहे त्यावर आहे. गोव्यात यांत्रिक मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे होडी मोकळी असते तेव्हाच आभाळ फुटलेलं असतं. २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू २६ अंशांच्या किंचित वर येतो. होडीचा पृष्ठभाग दवबिंदूच्या निदान तीन अंश वर हवा, तेव्हा अशा सकाळी काम धरू नका. हाताला कोरडी वाटणारी बाजूही दमट असते. ३० अंश आणि ७५ टक्के असेल तर पाच अंशांची सवड मिळते. पावसाची उघडीप असलेल्या दिवशी दहा ते तीनची वेळ, ताडपत्री वरून आणि बाजू उघड्या, हे जमण्याजोगं आहे. मे महिन्यात करणार असाल तर अडचण उलटी. उन्हात तापलेल्या बाजूवर माल टेकताच पातळ होतो आणि जाळं जुळण्याआधी घसरतो. लवकर पकडेल या भरवशावर राहू नका, घसरण आधी होते. तळहात पाच सेकंद ठेववत नसेल तर थांबा. चुडतांचा मांडव घाला, नाहीतर सावली त्या बाजूला येईपर्यंत दुसरं काम करा.

आता चिकटपणा. त्याचा ढवळण्याशी संबंध नाही. जेलकोट मुळात साच्यात लावायला बनवलेला असतो. साच्याकडची बाजू हवेपासून झाकलेली राहते आणि कडक होते. उघड्या बाजूला हवेतला ऑक्सिजन पकडण्याची क्रिया रोखतो आणि वरचा पदर चिकट राहतो. तुम्ही बाहेरून लावलात, म्हणजे तीच उघडी बाजू वर आली. त्यासाठी शेवटच्या हातात, फक्त शेवटच्याच, पॅराफिन मेणाचं स्टायरिनमधलं द्रावण घालतात, बहुधा दोन ते पाच टक्के. माल पकडताना मेण वर तरंगून येतं आणि हवा अडवतं. पहिल्या हातात घातलंत तर दुसरा त्यावर धरणार नाही, सोलून निघेल. या द्रावणातलं स्टायरिनही पातळ करण्याच्या हिशोबात धरा. टॉपकोट म्हणून मेण घातलेला तयार मालही मिळतो, विचारून घ्या.

एपॉक्सी (दुसऱ्या जातीचं रेझिन) वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: तिथे साधी एरोसिल अमाइन हार्डनर मिसळताच बरीच ढिली पडू शकते, म्हणून पृष्ठभागावर प्रक्रिया केलेली, पाणी न धरणारी प्रत मागा.

राहिली सध्याची होडी. सगळं काढून टाकायची गरज बहुधा पडणार नाही. आधी अ‍ॅसिटोनने ओला केलेला पांढरा फडका बाजूवर पाच-सहा वेळा घासा. वरवरचा चिकटपणा जाऊन खाली कडक लागलं तर तो थर पकडलेला आहे. फडक्यावर पांढरा रंग उतरतच राहिला, नखाने दाबल्यावर वण उमटला, तर तेवढा भाग कच्चा आहे आणि तो पट्टीने खरवडूनच काढावा लागेल. कच्च्यावर नवा थर लावला तर सुरकुत्या पडतात. कीलजवळचे ओघळ सॅंडपेपरने घासत बसू नका, चिकट माल कागद भरून टाकतो. धारदार छिनीने किंवा स्क्रॅपरने आधी सपाट करा, मग ८० नंबर, मग १२०. सगळी बाजू एकसारखी निस्तेज दिसली पाहिजे, चमक राहिली तिथे नवा थर सुटणार. घासल्यावर धूळ झटका, स्वच्छ अ‍ॅसिटोनने एकदाच पुसा, तासभर उडू द्या. आणि नवा डबा उघडल्यावर तो श्रीखंडासारखा दिसला तर स्टायरिनच्या बाटलीला हात लावण्याआधी कार्डाने पट्टे ओढून पाहा.